दोनदा धरलेला वेळ

जागृतीने हळदीची एक जुनी पत्रिका कागदावर आडवी ठेवली आणि डावीकडून उजवीकडे सूतसूत सरकवायला सुरुवात केली. पत्रिकेच्या कडेमागून आलेखाची रेघ थोडी थोडी बाहेर येत होती. खाली, वर, पुन्हा खाली, नुसती थरथर. एका जागी तिचा हात थांबला. रेघ थरथरतच होती, पण थरथरीचा मुक्काम आता जरा वर हलला होता. तिथे तिने पेन्सिलीने उभी खूण केली, पत्रिका उचलली आणि कृतिकाच्या प्रोग्रामने त्याच कागदावर केलेली लाल खूण कुठे आहे ते पाहिलं. लाल खूण बरीच उजवीकडे होती.

"उशिरा," ती पुटपुटली, आणि तिला मनापासून बरं वाटलं.

रविवारची दुपार होती. कोपरला त्यांच्या स्वतःच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या जेवणाच्या टेबलावर असे दोनशे कागद पसरले होते. ठाण्याच्या ज्या संशोधन संस्थेत जागृती म्हात्रे गेली नऊ वर्षं होती, तिथे हे काम संगणकाने चुटकीसरशी केलं असतं. पण संगणकातला प्रोग्राम कृतिकाचा होता, आणि कृतिकाच्या कामाला कृतिकाचाच साक्षीदार चालणार नाही, असं जागृतीने ठरवलं होतं. खरं तर तिने त्याहून जास्त ठरवलं होतं. चूक सापडल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवलं होतं.

संस्थेत एक मोठं शीतयंत्र होतं. सगळे त्याला फ्रिजच म्हणत. हे पहिल्यांदा ऐकल्यावर, एवढं शिकून पोरगी फ्रिज दुरुस्त करते की काय, म्हणून जागृतीच्या आईने दोन दिवस तोंड पाडलं होतं. त्या फ्रिजच्या तळाशी, जिथे थंडी जवळजवळ शेवटच्या टोकाला पोचते, तिथे नखाएवढ्या चकतीवर अतिवाहक धातूची विद्युत-मंडलं होती. ही क्यूबिट, क्वांटम संगणकात माहिती साठवणारी. कामाची खरी, पण फार हळवी. मनात आलं की आपसूक उलटी होत. आणि उलटली का ते सरळ पाहायची सोय नव्हती, कारण थेट पाहिलं की त्यांच्यात जपून ठेवलेलं सगळं त्याच क्षणी विस्कटायचं. म्हणून एकच गोष्ट तिघांच्या हवाली करायची आणि दोघादोघांना एवढंच विचारायचं, की तुमचं एकमेकांशी जुळतंय ना? कोणाच्या पोटात काय आहे ते विचारायचं नाही. जुळत होतं ते जुळेनासं झालं, की त्यावरून उलटलेलं कोण ते ओळखायचं आणि त्याला परत सरळ करायचं.

हे विचारायची जागृतीची एक रीत होती. ठरावीक वेळाने स्पष्ट प्रश्न, स्पष्ट उत्तर, मग पुढच्या प्रश्नापर्यंत शांतता. दोन प्रश्नांमधला वेळ कमी करण्यात तिची सहा वर्षं गेली होती. अडीच वर्षांपूर्वी कृतिका आली आणि म्हणाली, विचारायचं थांबवायचंच कशाला? अगदी हळू आवाजात, पण सतत विचारत राहू. उत्तरही तितकंच पुसट येईल, गोंगाटात मिसळून येईल, पण त्यातून नेमकं काय ते वेचून काढणारा प्रोग्राम आपण लिहू. नयन सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणाले होते, "करून बघ." असं ते पुष्कळांना म्हणत. कृतिकाने खरंच करून दाखवलं.

क्यूबिट उलटल्याचं जागृतीच्या रीतीला सरासरी दोन पूर्णांक सहा मायक्रोसेकंदांत कळत होतं. कृतिकाच्या रीतीला दोन पूर्णांक सात. म्हणजे जवळजवळ बरोबरी. एप्रिलमध्ये नवीन, मोठा फ्रिज यायचा होता आणि त्यावर एकच रीत बसवता येणार होती. बरोबरीच असेल तर जुनी, रुळलेली रीत बसणार आणि ते काम जागृतीकडे जाणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. एवढं असून तिला स्वस्थ बसवत नव्हतं. जिथे पोचायला तिला सहा वर्षं लागली तिथे ही पोरगी अडीच वर्षांत येऊन उभी राहिली, हे तिला सहन होत नव्हतं.

जागृती कृतिकावर जळत होती. स्वतःशी ती ते कबूल करी, दुसऱ्या कोणाला मात्र तिने कधी सुगावा लागू दिला नव्हता. कृतिकाचं अभिनंदन करण्यात ती नेहमी पहिली असायची. कृतिकाच्या वाढदिवसाला केक तिनेच आणलेला, तोही दोन्ही वर्षी. आणि घरी आल्यावर मात्र आरशासमोर केस सोडताना तिला कृतिकाचं कनेक्टर जोडताना गुणगुणणं आठवायचं आणि अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पूर्वी सर दारातून हाक मारायचे, "जागृती, बघ जरा हे." आता ते दारातून विचारायचे, "कृतिका कुठेय?"

बरं, नाक मुरडावं तर त्यालाही जागा नव्हती. मोठ्या घरची लेक म्हणावं, तर कृतिका दिवा गावात भाड्याच्या खोलीत राहणारी, पहाटे पाणी भरून मग ठाण्याला येणारी. तिचे वडील डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामगार. बापजाद्यांच्या भातशेतावर उभी राहिलेली चार मजली इमारत होती ती जागृतीची. गर्विष्ठ म्हणावं, तर कृतिका तिला ताई म्हणायची आणि अडलं की सरळ येऊन विचारायची. माणसाला जळायलासुद्धा काहीतरी निमित्त लागतं, आणि ते या मुलीने कधी दिलंच नव्हतं.

त्यामुळे गेल्या सोमवारी सरांनी जेव्हा तिला आत बोलावून सांगितलं, "कृतिकाचा निकाल तू तपासायचास," तेव्हा जागृतीने चेहरा जमेल तितका गंभीर ठेवला. प्रयोगशाळेचा दंडक होता. कुठलाही निकाल बाहेर जाण्याआधी आतल्याच एका माणसाने तो मुळापासून तपासायचा. तपासणी चालू असेपर्यंत त्या दोघांनी त्याविषयी एकमेकांशी अक्षर बोलायचं नाही. शेवटी एका कागदावर सापडलेल्या चुका लिहून खाली सही करायची. त्या कागदाला सगळे चूकपत्र म्हणत. मुदत येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

एकेका उलटण्याच्या आलेखाचे साठ कागद झाले तेव्हा जागृती थांबली. साठही कागदांवर लाल खूण तिच्या खुणेच्या उजवीकडे होती. आनंदाची गोष्ट होती, पण नऊ वर्षांची सवय अशी की फार आनंद झाला की तिला संशय यायचा. माझे डोळे माझ्याच बाजूचे आहेत, तिच्या मनात आलं. मला ती उशिरा हवी आहे, म्हणून मी घाईने खुणा करत असेन.

तिची आई, सगुणा, भांडी आवरून पदराला हात पुसत बाहेर आली.

"काय करतंस गो मघापासून? लग्न हाय का कोनाचा? पत्रिका घेऊन बसलीस ती."

"आये, बस जरा. एक काम हाय. ही पत्रिका अशी हलूहलू सरकवाची. रेघ वर गेली असा वाटला, का तिथं पेन्सिलीनी खून कराची."

"आनि चुकला तं?"

"चुकला तं चुकला."

सगुणाने चष्मा लावला. जन्मभर तांदळातले खडे आणि सुक्या जवळ्यातला कचरा वेचलेला तिचा हात. तो घाई करत नसे आणि दुसऱ्यांदा विचारही करत नसे. तासाभरात तिने चाळीस कागद केले. मधेच तिने विचारलं, "कोनाचा हाय यो?"

"कृतिकाचा."

"ती दिव्याची? आपल्याकरं जवला खाल्ली ती?"

"हां."

"बरी हाय पोर. परत नाय आनलीस तिला."

जागृतीने पुढचा कागद आईसमोर सरकवला. कृतिका फक्त एकदा जेवायला आली होती. ताटातलं सगळं संपवून, जवळा कसा निवडता ते शेजारी बसून शिकून गेली होती, आणि तेव्हापासून सगुणा महिन्यातून एकदा तरी तिची चौकशी करायची. स्वतःच्या आईनेही तिच्याच बाजूला जावं, याचं जागृतीला त्या दिवशी रडू आलं होतं.

तिने पट्टी घेऊन आईच्या खुणा मोजायला सुरुवात केली. लाल खूण आईच्या खुणेपासून तीन सेंटिमीटर उजवीकडे. पुढच्या कागदावर तीनला थोडं कमी. पुढे तीनच. मग तिने स्वतःचे साठ मोजले. तिथेही तेच, एखाददुसरा मिलिमीटर इकडेतिकडे. जिथे गोंगाट कमी होता त्या कागदांवर तीन, आणि जिथे रेघ पार वेडीवाकडी होती त्या कागदांवरही तीन.

पट्टी तिच्या हातात तशीच राहिली. आळशी प्रोग्राम असता तर कधी एक सेंटिमीटर मागे पडला असता, कधी पाच. उशीर करणारा माणूस रोज मोजून तेवढाच उशीर करत नाही. रोज तेवढाच उशीर दिसत असेल, तर माणूस वेळेवर आलेला असतो आणि घड्याळ पुढे असतं. कागदावरचे तीन सेंटिमीटर म्हणजे सहाशे नॅनोसेकंद, मायक्रोसेकंदाचा सहा दशांश भाग. आणि सहाशे हा आकडा तिला आपल्या फोन नंबरइतका पाठ होता.

फ्रिजच्या तळातून निघालेला संदेश तारांमधून, जोडांमधून वर येऊन इलेक्ट्रॉनिक बोर्डापर्यंत पोचायला सहाशे नॅनोसेकंद लागत. हा वाटेचा वेळ हिशेबात धरावाच लागतो, आणि कृतिकाने तो प्रामाणिकपणे धरला होता. पण चार वर्षांपूर्वी, बोर्डाचं घड्याळ जुळवताना, जागृतीने तो त्या घड्याळातच एकदा धरून टाकला होता. म्हणजे कृतिकाच्या निकालात तो दोनदा आला होता. दोन पूर्णांक सातमधून सहाशे वजा करायला तिला कागदाची गरज नव्हती. दोन पूर्णांक एक.

बरोबरी नव्हतीच. कृतिकाची रीत तिच्या रीतीच्या कितीतरी पुढे होती, आणि हे खुद्द कृतिकालाही माहीत नव्हतं.

"काय झायला?" सगुणाने चष्म्यावरून पाहिलं. "चूक गावली?"

"गावली."

"मंग तोंड का असा केलंस?"

"चूक सांगितली, तं तिचा काम माझ्यापेक्षा चांगला ठरंल."

सगुणाने हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. "आनि नाय सांगितली तं?"

"तं कोनालाच कलनार नाय."

सगुणा थोडा वेळ कागदांचा गठ्ठा सारखा करत बसली. मग ती म्हणाली, "तुझी गंगुबाय काकी. तीस वर्सा मी तिच्यावर जलली. तिच्या पोराच्या हलदीला आपल्यापेक्षा जास्त मानसां आली, म्हनून मी दोन दिवस जेवली नाय."

"ठाव हाय मना."

"ती गेली. आथा मी मोठी पापलेटां आनली काय, नि बोंबील आनलं काय. बगाला कोन हाय?"

एवढं बोलून ती टाकी भरली का ते पाहायला गच्चीवर निघून गेली. ही मधेच काकीचं काय घेऊन बसली, असं जागृतीला वाटलं. तिने सगळे कागद एका पिशवीत कोंबले.

सोमवारी ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघाली. माणकोलीच्या नव्या पुलावरून स्कूटी घेऊन ठाण्याला पोचली, कोणी यायच्या आत तिने बोर्डाचा जुना प्रोग्राम उघडला, आणि तिला हवीही आणि नकोही असलेली ती ओळ जिथे असायची तिथेच होती. सहाशे. शेजारी तिची आद्याक्षरं, चार वर्षांपूर्वीच्या जुलैची तारीख. ओळीला टीप नाही. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत त्या दिवशी तिने लिहिलं होतं, 'बोर्ड चालू. घड्याळ जुळलं.' कसं जुळलं ते लिहिलंच नव्हतं. तेव्हा बोर्डावर ती एकटीच काम करत होती, कोणासाठी लिहायचं? कृतिकाने ती वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली होती, हे जागृतीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तारांच्या पानावर तिला सहाशे सापडले आणि तिने ते मुकाट्याने धरले. यात तिचं काय चुकलं?

ही चूक ओळखू शकेल असं माणूस एकच होतं, आणि नेमका तिच्याच हाती चूकपत्राचा कोरा कागद होता.

पुढचे तीन दिवस जागृती स्वतःशी वाद घालत राहिली. वाद ती फार चांगला घाली. मी खोटं कुठे बोलतेय, ती म्हणे. तपासणी असते ती कोणी फुगवून सांगितलंय का ते पाहायला. हिने तर कमी सांगितलंय. कमी सांगितल्याने कोणाचं नुकसान होतं? कृतिका सत्तावीस वर्षांची आहे, तिला अजून दहा फ्रिज मिळतील. मी अडतीसची. मला हा एकच. प्रत्येक मुद्दा बिनतोड होता आणि एकानेही तिला झोप लागली नाही.

बुधवारी चहाच्या मशीनपाशी कृतिका भेटली. नियम असल्यामुळे दोघींना बोलायला विषयच उरला नव्हता.

"ताई, दमलेली दिसतेस."

"नाही गं. पाणी आलं का तुमच्याकडे?"

"कुठलं! तीन दिवस झाले. काल पूर्ण चाळीने मिळून टँकर मागवला." कृतिका हसली आणि आपल्या आधी जागृतीचा कप भरून तिने पुढे केला. "तुमच्याकडे बोअरिंग आहे ना? सुखी आहात."

सुखी. जागृतीने कप घेतला. तीन दिवस पाणी नाही, तरी हिचे केस धुतलेले, हिचं हसू जागच्या जागी. चहाचा एक घोट घेऊन तिने बाकीचा बेसिनमध्ये ओतून दिला.

गुरुवारी तिने चूकपत्र लिहायला घेतलं. एक : चौथ्या आकृतीत आडव्या अक्षाचं एकक चुकलं आहे. दोन : मजकुरात प्रयोगांची संख्या बारा हजार आणि तक्त्यात अकरा हजार आठशे दिली आहे. दोन्ही चुका खऱ्या होत्या, आणि दोन्ही इतक्या किरकोळ की त्यांनी कृतिकाचा केसही वाकडा झाला नसता. तीनचा आकडा घालून ती थांबली. मग तिने कागद खणात टाकला आणि घरी गेली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत अनिश तिच्या टेबलाशी आला. अनिश कृतिकाबरोबरचा, तिच्याच बाकावर बसणारा. पण वरिष्ठांशी गोड बोलायची त्याला सवय होती.

"ताई, एप्रिलचं नक्की ना मग? मी तर सगळ्यांना सांगितलं, शेवटी अनुभव तो अनुभव. कृतिकाने एवढा जोर लावला, तरी बरोबरीच्या पुढे नाही जाऊ शकली."

गेल्या आठवड्यात हेच वाक्य ऐकून जागृतीचा महिनाभराचा शीण उतरला असता. आता तिला वाटलं, हा आपल्या हातात कोणा दुसऱ्याचं बक्षीस कोंबतोय आणि वर टाळ्या वाजवतोय. यापुढे जो कोणी बरोबरी म्हणेल त्याच्यासमोर असंच हसत उभं राहायचं. एप्रिलपासून नव्या फ्रिजसमोर बसायचं आणि शेजारच्या टेबलावर, आपण जिंकलोय हे माहीत नसलेली कृतिका गुणगुणत कनेक्टर जोडत असणार. तिच्यावर जळायचं तरी कोणत्या तोंडाने?

"अनिश, मला काम आहे," ती म्हणाली.

पाचला पाच मिनिटं असताना ती चूकपत्र घेऊन सरांच्या खोलीत गेली. सरांनी तिला बसायला सांगितलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला त्यांनी मान हलवली. दुसऱ्या ओळीला हलकंसं हसले. मग त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. तिसरी नोंद सात ओळींची होती. ती त्यांनी दोनदा वाचली, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सहाशे दोनदा धरलेत?"

"हो."

"म्हणजे दोन पूर्णांक एक."

"हो. कोणी तिसऱ्याने खुणा केलेले चाळीस कागदही जोडलेत. त्या माणसाला यातलं काही कळत नाही."

"बोर्डातली ती ओळ तुझी आहे."

"माझीच. वहीत लिहायची राहिली. तेही खाली लिहिलंय."

सरांनी तळाची ओळही वाचली. ते साठीचे गृहस्थ होते, मोजकं बोलणारे. "एप्रिलचं काय होईल, ते कळतंय ना तुला?"

"कळतंय, सर."

"हे दुसऱ्या कोणाला सापडलं असतं?"

जागृतीने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे पोरीचा हट्ट बरोबर होता." सरांनी कागद खाली ठेवला. "मी तपासायला अनिशचं नाव घातलं होतं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, अनिश नको, जागृतीताई हवी. मी म्हटलं, का गं? तर म्हणाली, अनिश आणि मी रोज एका डब्यात जेवतो. तो दोन दिवस बघेल आणि छान आहे म्हणून सही करेल. ताईच्या डोळ्यात माझं काम खुपतं. ती चूक सापडल्याशिवाय उठणार नाही."

जागृतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोन वाढदिवसांचे दोन केक तिच्या डोळ्यांसमोरून गेले, आणि सगळ्यात आधी जाऊन केलेली ती सगळी अभिनंदनं. कृतिकाने तो केक कापून पहिला तुकडा तिलाच भरवला होता. तेव्हाही तिला माहीत असणार. आणि माहीत असून ती ताई म्हणत राहिली, अडलं की येऊन विचारत राहिली, कप भरून पुढे करत राहिली.

"असं म्हणाली?"

"हेच शब्द. राग आला तुला?"

"हो," जागृती म्हणाली. गेल्या अडीच वर्षांत या खोलीत बोललेलं तिचं हे पहिलं सरळ वाक्य होतं.

काचेपलीकडे कृतिका आपल्या स्टुलावर बसली होती. तिला इकडे पाहायचं होतं हे तिच्या मानेवरून दिसत होतं. नियम म्हणून ती पाहत नव्हती. जागृतीने तिच्याकडे नीट पाहिलं. अडीच वर्षांत कधी जळली नसेल इतकी ती त्या क्षणी तिच्यावर जळली. काम चांगलं होतं ते होतंच. पण पोरीने माणूसही अचूक वाचलं होतं, आणि जे वाचलं त्याचा राग न धरता त्याचा उपयोग करून घेतला होता. हे आपल्याला सुचलं नसतं, असं जागृतीला वाटलं.

सरांनी पेन पुढे केलं. तिने चूकपत्राच्या तळाशी सही केली आणि तारीख घातली.

"तिला बोलावतो. तू सांगतेस की मी सांगू?"

"तुम्हीच सांगा."

ती उठली, खुर्ची आत सारली आणि दारापर्यंत गेली. दाराच्या मुठीवर हात ठेवून ती वळली.

"सर, तिचा पुढचा निकाल आला की तपासायला अनिशकडे देऊ नका."

"मग?"

"मला द्या. आणि दोन आठवडे पुरत नाहीत, महिना द्या."